शनिवारचा हिरवा दिवा

१

गाडी एक; पांढरी, अकरा वर्षांची, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी. टायर चार, चारांतही हवा. बॅटरी एक, मीटर लावल्यावर १०.९ व्होल्ट, म्हणजे मेल्यात जमा. बॅटरीच्या दोन टोकांना नटाखाली आवळलेल्या तारा दोन, एक लाल, एक काळी. लाल तारेवर वीतभर अंतरावर फ्यूजची डबी एक. आतला फ्यूज जळालेला. तारा बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या पाच, पाचही शाबूत. पुढच्या जाळीतून बाहेर काढलेला दोन टोकांचा प्लग एक. त्यावर रबरी टोपी एक, जागच्या जागी. जाळीच्या दांडीला टांगलेलं लिंबू एक, मिरच्या सात, कोळसा एक. शेडच्या खांबाला अडकवलेला चार्जर एक. उंदराच्या लेंड्या शून्य. तार कुरतडल्याची खूण शून्य.

मयुरीनं वही मिटली. धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन ती पदवीधर झाली होती आणि तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला होती; कालच ती आजोळी आली होती. प्रयोग फसला की आधी टेबलावर काय काय आहे ते लिहून काढायचं, ही सवय तिच्या हाडात मुरली होती. एरवी त्या सवयीनं तिला शांत वाटायचं. आज वाटत नव्हतं.

घरात पुढच्या खोलीत खाटेवर तिचे आजोबा, जीवराम आबा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. आबांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साठ किलोमीटरवर धुळ्याला नेऊन त्यांचं रक्त मशीनवर धुवून घ्यावं लागायचं. शुक्रवारचं झालं होतं. मंगळवारी पहाटे गाडीनं हूं की चूं केलं नाही. आज बुधवार. पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहत होता, आणि दोन उशा घेतल्याशिवाय त्यांना श्वास पुरत नव्हता.

गाडी नसली म्हणून अडलं नव्हतं. शेजारच्या पंडितभाऊंची जीप काल सकाळपासून दारात उभी होती. अडलं होतं ते आबांमुळे. त्यांनी खाटेची दांडी धरली ती सोडलीच नाही. त्यांच्या मुलानं, ललित मामानं उचलायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याच्या मनगटाला चावा घेतला.

लागोपाठ दोन मंगळवार गाडी मेली होती. पहिल्या वेळी गाडीचं विजेचं काम करणारा रमीज नवा फ्यूज घालून म्हणून गेला की फ्यूज आपोआप जात नाही, कोणीतरी मुद्दाम दोन टोकं लोखंडानं जोडली. ते वाक्य आबांनी आठवडाभर चघळलं आणि काल बोलून दाखवलं.

"गाडी नही मरनी," ते अहिराणीत म्हणाले. "घरमा कोन्हले तरी मी नको शे. त्यानं नाव सांगा, मंग मी कोन्हीबी गाडीमा बठस."

धुळ्याच्या डॉक्टरांनी फोनवर मयुरीला सांगितलं होतं की आज चार वाजता एक मशीन मोकळं आहे, आणि उद्यापर्यंत थांबायची जोखीम ते घेणार नाहीत. चारला पोचायचं तर सव्वादोनला निघायला हवं.

मयुरीनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

२

रमीज दोंडाईचाहून मोटारसायकलवर आला तो अंगणाच्या फाटकापाशीच थांबला. आत यायला त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण या म्हणणारंही कोणी नव्हतं. मयुरीनं त्याला शेडमध्ये नेलं.

त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाडी आठवड्यातून दोनदाच निघायची. जुन्या गाडीत कुठेतरी थोडा करंट सतत गळत होता. दोन दिवस शोधूनही त्याला ती जागा सापडली नव्हती. बॅटरी चार दिवस तग धरायची नाही. चार्जर लावावा तर रोज बॉनेट उघडायचं, आणि त्याचा खटका इतका कडक की कामिनीभाभींच्या, म्हणजे मयुरीच्या मामीच्या, हातून तो निघायचा नाही. म्हणून त्यानं अडीच आठवड्यांपूर्वी एका रविवारी ही सोय केली. बॅटरीपासून कायमच्या दोन तारा, वाटेत दहा अँपिअरचा फ्यूज, तारा पंख्यापासून लांब बांधलेल्या, आणि जाळीतून बाहेर प्लग. बॉनेटला हात लावायचं काम नाही. संध्याकाळी टोपी काढायची, चार्जरचा प्लग खुपसायचा; सकाळी काढून टोपी लावायची.

मयुरीनं प्लग हातात घेतला. एक टोक पितळी, उघडं. दुसरं रबराच्या आत, खोल भोकात.

"उघडं कोणतं?" तिनं विचारलं.

"उघडं काळ्या तारेचं, आतलं लाल तारेचं. ताई, हे उलटं केलं असतं तर उघडं टोक बंपरला लागून रोज फ्यूज गेला असता. मी पंधरा वर्षं हेच करतोय."

तिनं मीटर लावून खात्री केली. तो खरं बोलत होता. म्हणजे गाडी हलून, प्लग आपटून हे होणं शक्य नव्हतं. टोपी काढायला हवी, एखादी लोखंडी तार भोकात जायला हवी आणि तिचा दुसरा भाग त्याच वेळी उघड्या टोकाला टेकायला हवा. हे हातानंच होतं.

रमीज रुमालानं मान पुसत म्हणाला की पहिल्या मंगळवारी तोंडातून ते वाक्य गेलं नसतं तर बरं झालं असतं. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की काम त्याचं पक्कं आहे. आता बाजारात लोक उलट त्यालाच विचारत होते की जीवराम आबांच्या गाडीत तू काय करून ठेवलंस.

"माझं नाव गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "पण म्हातारा माझ्या एका वाक्यापायी मेला तर मी कुठे जाऊ?"

मयुरीनं त्याला गेल्या दोन आठवड्यांत तो कुठे कुठे होता ते विचारलं. शिरपूरला एका शाळेच्या बसगाड्यांचं काम चालू होतं. दोन्ही आठवडे गुरुवारी सकाळी जाऊन तो रविवारी परतला होता. तिथल्या सुपरवायझरचा नंबर त्यानं न मागता दिला. मयुरीनं फोन लावला. सुपरवायझर उलट विचारू लागला की तो उरलेली बस कधी करणार.

मग राहिली घरातली माणसं.

३

कामिनी मामी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. समोर आबांचा पाण्याचा मापाचा पेला होता. दिवसाला साडेसातशे मिलिलिटर, एक थेंब जास्त नाही. गेली दोन वर्षं ती हे मापून देत होती. कालपासून आबांनी तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. कपावर साय धरली होती, आणि ती तो कप धुवायलाही तयार नव्हती.

चार्जर लावायचं काम तिचं. त्यामुळे गावानं निकाल आधीच लावला होता. मागच्या महिन्यात ती फोनवर बहिणीला म्हणाली होती की आता होत नाही माझ्याच्यानं; ते शेजारणीनं ऐकलं होतं आणि काल त्याला पाय फुटले होते.

"म्हटलं होतं," मामी म्हणाली. "होत नाही हे खरंच आहे. होत नाही तरी करते ना?"

मयुरीनं तिला कोणी काय म्हटलं ते विचारलंच नाही. चार्जर लावल्यावर दिव्याचा रंग कोणता असायचा, एवढंच विचारलं.

मामीला प्रश्न विचित्र वाटला, पण तिनं आठवून सांगितलं. तिनं त्या कामाला नाव ठेवलं होतं, गाडीला जेवायला घालणं. संध्याकाळी प्लग लावायचा आणि ओरडून सांगायचं की गाडीला वाढलं हो. घरात सगळे हसायचे. अक्का, म्हणजे तिची सासू यशोदाबाई, तर विचारायची की आज किती भाकरी खाल्ल्या. प्लग लावला की लाल दिवा लागायचा आणि पोट भरलं की हिरवा. शुक्रवारी आबांना धुळ्याहून आणल्यावर लावला तेव्हा लाल होता. भाकरी होईपर्यंत हिरवा झाला.

"आणि शनिवारी?"

"शनिवारी लावल्या लावल्या हिरवा. रविवारी, सोमवारीही तसाच. त्याच्या आदल्या आठवड्यातही असंच. मला वाटलं, आता बॅटरी चांगली धष्टपुष्ट झाली. यांनाही तेच सांगितलं, की मी रोज लावत होते, दिवा हिरवा होता. पण कोणाला पटतंय?"

मयुरी शेडमध्ये धावली. तिनं चार्जरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली आणि त्याचा प्लग मोकळाच लोंबत ठेवला. कशालाही न जोडलेला.

दिवा लागला. हिरवा.

पोट भरलेलं असो की पानच वाढलेलं नसो, त्या दिव्याला दोन्ही सारखंच. मामी खरं बोलत होती. फ्यूज जळाल्यावर चार्जर आणि बॅटरी यांच्यात काही नातंच उरलं नव्हतं, आणि ती तीन संध्याकाळ रिकाम्या ताटाला वाढत होती.

मयुरीनं मीटर वेगळ्या रीतीनं जोडून गळती मोजली. ०.३१ अँपिअर. शनिवार सकाळ ते मंगळवार पहाट, जवळपास सदुसष्ट तास. गुणाकार वीस अँपिअर-तासांच्या वर गेला. थकलेल्या बॅटरीला तेवढं पुरे होतं.

आणि या हिशेबातून एक गोष्ट आपोआप बाहेर पडली. शुक्रवारी रात्री बॅटरी नीट भरली. शनिवारी संध्याकाळी भरलीच नाही. फ्यूज मेला तो शनिवारी, सकाळी मामीनं प्लग काढल्यानंतर आणि संध्याकाळी लावण्याआधी.

स्वयंपाकघरात परत येऊन तिनं मामीला विचारलं की शनिवारी दिवसभर घरात कोण होतं.

मामीनं बोटांवर शनिवार मोजले. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मयुरीला वाटलं की हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं.

४

ललित मामा दोंडाईचाच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजून उतरवून घ्यायचा. दर शनिवारी सकाळी आठ ते रात्री आठ तो तिथेच असायचा. मामी शनिवारी तिच्या बचत गटाच्या बायकांबरोबर पापडाची पाकिटं घेऊन दोंडाईचाच्या बाजारात बसायची; साडेदहाला निघताना प्लग काढायची, साडेपाचला आल्या आल्या लावायची. दोन्ही शनिवारी तसंच झालं होतं.

मामा तिथेच उंबऱ्यात बसला होता. मनगटावर आबांच्या दातांची खूण निळी पडली होती.

"बोला फौजदारीणबाई," तो मयुरीला म्हणाला. "माझी पाळी आली का? मला सुरतेला नोकरी मिळत होती. आबांसाठी सोडली. म्हणजे माझं कारण सगळ्यात मोठं. लिही वहीत."

"मामा, शनिवारी तुझी हजेरी लागते?"

"अंगठा लावून. येताना आणि जाताना."

"मग तू नाहीस."

तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. कोण आहे ते मला नकोच, तो म्हणाला. मी आहे असं सांग आबांना. मी पाया पडतो, मार खातो, घर सोडून जातो. पण त्यांना गाडीत बसव.

मयुरीला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण आबांनी आयुष्यभर बैलबाजारात दलाली केली होती. बैलाचं वय ते दात न पाहता सांगायचे आणि माणसाचं खोटं तोंड उघडायच्या आधी. मामाचं खोटं त्यांनी ओळखलं की मामा कोणाला तरी वाचवतोय असं ते धरून चालतील, आणि ते नाव अर्थातच मामीचं असेल. मग मात्र कोणताही पुरावा चालणार नाही.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वहीत तिनं नावं खोडली. रमीज शिरपूरला. मामा जिनिंगवर. मामी बाजारात. दोन्ही शनिवारी, दिवसाउजेडी, फाटकाला आतून कडी असताना, या घरात दोनच माणसं होती. आबा आणि अक्का.

पन्नास वर्षांचा संसार. अक्का आबांच्या औषधाच्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधून फिरायची. तिचं नाव लिहायला मयुरीचा हात धजेना.

राहिले आबा.

आणि ते तर अगदीच जुळत होतं. दंडात जाड सुया, येता-जाता साठ-साठ किलोमीटर, मुलाची हुकलेली नोकरी, सुनेचे फाटलेले हात. यांना मोकळं करावं असं म्हाताऱ्याला वाटलं असेल. आणि खरं बोलवत नाही म्हणून आता आळ दुसऱ्यावर घालून भिंतीकडे तोंड केलं असेल.

ती पुढच्या खोलीत गेली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. आबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"आबा, फ्यूज तुम्ही घालवलात का?"

५

आबांनी मान वळवली. ते रागावले नाहीत. त्यांनी पांघरुणातून फक्त हात बाहेर काढले.

डाव्या दंडावर सुयांची जागा दोरखंडासारखी फुगलेली. त्या हातानं काही धरायचं नाही, ओढायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. उजव्या हाताची बोटं सुजून केळीच्या फण्यासारखी झाली होती. सदऱ्याची दोन बटणं उघडीच होती. ती लावणं त्यांना वर्षभर जमत नव्हतं.

मयुरीनं ती रबरी टोपी सकाळी स्वतः काढून पाहिली होती. एका हातात प्लग घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीनं ओढावी लागायची, आणि तरी निघताना नख दुखायचं. या हातांनी ती निघणं शक्य नव्हतं. 

ती परत शेडमध्ये आली. दीड वाजला होता. पंडितभाऊंनी जीप वळवून तोंड रस्त्याकडे करून ठेवली होती. 

तिनं सकाळची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. प्रत्येक वस्तूपुढे ती एकच प्रश्न लिहीत गेली: यातून वीज जाते का? टायर, नाही. पट्ट्या, नाही. टोपी, नाही. लिंबू, मिरच्या, कोळसा...

लिंबू कशात ओवलंय?

दोऱ्यात नव्हतं. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात त्या बारीक लोखंडी तारेत होतं. तिनं जाळीच्या दांडीवरून ते सोडवलं आणि उन्हात धरलं. तारेचं वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं होतं. तारेला नवी लकाकी होती, पण शेवटचं बोटाचं पेरभर अंतर काळं पडलं होतं, आणि अगदी टोकाला मोहरीएवढा वितळून गोठलेला थेंब होता. मग तिनं प्लगचं उघडं पितळी टोक भिंगाखाली पाहिलं. त्यावर दोन खड्डे होते. दोन शनिवार, दोन खड्डे.

पाठीमागे पावलं वाजली. अक्का हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"ते काढू नको गं," ती म्हणाली. "शनवारले बांधेल शे. आज बुधवार शे."

मयुरीनं तिला शेडजवळच्या ओट्यावर बसवलं आणि विचारलं की अक्का, हे तू कसं बांधतेस ते दाखव.

अक्कानं लपवाछपवी केली नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं. लिंबू-मिरची ती वर्षानुवर्षं जाळीलाच टांगायची. पण गाडी आजारी पडायला लागली, आणि मग रमीजनं तिला हे नवं तोंड काढून दिलं. सून रोज तिथूनच तिला जेवायला घालते. आता माणसाला नजर लागते ती जेवतानाच लागते. म्हणून तर लेकराला चारचौघांत भरवत नाहीत. मग गाडीला लागली तर ती तोंडापाशीच लागणार. म्हणून दांडीला टांगण्याआधी अक्का टोपी काढून लिंबाच्या तारेचं टोक त्या तोंडाला लावायची.

"आणि लावल्यावर काय झालं?"

अक्काचा चेहरा उजळला. पहिल्याच खेपेला चट्कन आवाज होऊन निळी ठिणगी उडाली, ती म्हणाली. "दृष्ट जळनी. इतकी मोठी दृष्ट होती, बाई. दुसऱ्या शनवारलेबी तशीच जळनी."

मग मयुरीच्या चेहऱ्याकडे बघत बघत तिचा उजळलेला चेहरा हळूहळू विझत गेला. तिनं तांब्या खाली ठेवला. लोखंडानं दोन टोकं जोडली, हे रमीजचं वाक्य तिनंही ऐकलं होतं. पण लिंबाची तार म्हणजे लोखंड, असं तिच्या मनात आलंच नव्हतं. ती तार तिच्यासाठी लिंबाचाच भाग होती.

"म्हंजे मीच?" ती म्हणाली.

६

एक चाळीस.

मयुरीनं खोटं आधीच तयार करून ठेवलं होतं. उंदरानं तार कुरतडली असं सांगू, ती म्हणाली. मी शिकलेली आहे, आबा माझं ऐकतील. तुझं नाव यात कशाला?

अक्का ऐकून घेत होती.  सुनेचा साय धरलेला कप तिनंही पाहिला होता, आणि कालपासून तिनंही सुनेशी बोलणं टाकलं होतं. ती उठली ती आधी स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. बाहेर आली तेव्हा तिनं मामीला मनगटाला धरून बरोबर आणलं होतं. शेडमध्ये येऊन मयुरीच्या हातातलं लिंबू तिनं घेतलं आणि तिघी खाटेपाशी गेल्या. मामा उंबऱ्यात उभा राहिला. रमीज पहिल्यांदाच अंगण ओलांडून त्याच्या मागे आला.

"इकडे देखा," अक्का आबांना म्हणाली. "नाव पाहिजे होतं ना तुमले? मन्हं शे. ती ठिणगी मीच पाडी. दोन्ही खेपले."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. बैलबाजारातली ती नजर होती, वरपासून खालपर्यंत जाणारी. अक्कानं ती चुकवली नाही. तुम्ही जाऊन धड परत यावं म्हणून केलं, ती म्हणाली, आणि त्यानंच तुमची वाट अडवली. आता काय बोलायचं ते बोला, पण गाडीत बसून बोला. या पोरीनं पाणी मापून मापून तुम्हाला जगवलं, तिच्यावर मीही शक घेतला. मरताना हे ओझं मला देऊन जाऊ नका.

मयुरीनं तारेचा काळा थेंब पुढे करून दोन वाक्यांत सांगितलं: लोखंडातून वीज गेली, फ्यूज जळाला, चार्जरचा दिवा तरीही हिरवाच राहिला. आबांनी थेंबाकडे पाहिलंही नाही. ते अक्काकडेच बघत होते.

"पन्नास वरीस मन्ही दृष्ट काढी," ते शेवटी म्हणाले. दोन शब्दांत एक श्वास घ्यावा लागत होता. "तेवढाथीन तुन्हं पोट नही भरनं? आते गाडीनीबी काढी?"

अक्का पदर तोंडात धरून रडायला लागली. आबांनी सुजलेला हात पुढे केला. तिच्याकडे नाही, मामीकडे.

"चहा दे," ते म्हणाले. "आर्धा कप. मापी घे."

मामीनं साय धरलेला कप ओतून टाकला आणि नवा चहा मापून आणला. आबांनी तो दोन घोटांत संपवला. मग मामानं आणि रमीजनं त्यांना दोन बाजूंनी उचललं. दारात आल्यावर पंडितभाऊंनी जीपचं मागचं दार उघडलं, पण आबांनी मानेनं नकार दिला आणि पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. रमीजला कळलं. त्यानं जीप शेडपाशी आणायला लावली, दोन जाड केबल काढून तिच्या बॅटरीवरून पांढऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडल्या आणि मामाला चावी फिरवायला सांगितली. पहिल्यांदा नुसती टकटक झाली. दुसऱ्यांदाही. अक्का डोळे मिटून उभी होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते.

तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

दोन वाजून बावीस मिनिटांनी गाडी फाटकाबाहेर पडली. पुढे मामा, मागे आबांचं डोकं मांडीवर घेऊन अक्का, तिच्या शेजारी मयुरी. शिंदखेड्याच्या अलीकडे आबांचे ओठ निळसर झाले आणि ते कोणाच्या हाकेला ओ देईनात. मामा एका हातानं डोळे पुसत, एका हातानं गाडी हाकत राहिला. अक्का त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होती. मयुरीनं त्यांची नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत मोजत राहिली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

तीन छप्पन्नला त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. मशीनवर चढवण्याआधी आणि उतरवल्यावर केलेल्या नोंदी नर्सनं मयुरीला वाचून दाखवल्या, आणि तिनं त्या वहीत उतरवल्या.

चार वाजता: वजन ६१.८ किलो, पोटॅशियम ७.१ (साडेपाचच्या वर धोका).

आठ वाजून दहा मिनिटांनी: वजन ५८.३ किलो, पोटॅशियम ४.४.